अणुवीज आणि करसवलत: टक्का नंतर, आधी तारीख

परवा फोर्टच्या ऑफिसात आमच्या आर्टिकलने (सीए होण्यासाठी हाताखाली शिकणारा पोरगा) एक शीट पुढे केली. क्लायंटला अणुवीज प्रकल्पात पैसे घालायचेत, कोणती सवलत धरायची? पोराने पहिल्याच वर्षापासून करबचत टाकली होती. वीज निघायला दहा वर्षं. नफा नाही तर कर कसला आणि बचत कसली? बाजारात तुरी, भट भटणीला मारी!

आजवर हा हिशेब कुणी मांडलाच नाही. अणुवीज बनवणारी अणुशक्तीनगरची एनपीसीआयएल कंपनी पूर्ण सरकारी, तिला सवलत म्हणजे या खिशातलं त्या खिशात. डिसेंबर २०२५च्या शांती कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडलं, तेव्हा कुठे प्रश्न आला.

अमेरिकेत २०२२च्या कायद्याने दोन वाटा दिल्या, निवडायची एकच. एक युनिटमागे: साधारण ३ सेंट, दहा वर्षं. दुसरी खर्चावर: ३० टक्के. मजुरीच्या अटी पाळल्या नाहीत तर दोन्ही पाचव्या हिश्श्यावर येतात. १००० मेगावॅटचा प्रकल्प ९० टक्के चालला तर वर्षाला ७८८ कोटी युनिट, म्हणजे दहा वर्षांत सुमारे २३६ कोटी डॉलर. बांधकाम ६०० कोटी डॉलरांत उरकलं तर खर्चावरची सवलत १८० कोटी. १००० कोटींवर गेलं तर ३००. स्वस्तात बांधणाऱ्याने युनिट धरावं, पण स्वस्तात बांधतो कोण? जॉर्जियातल्या व्होग्टलच्या दोन नव्या अणुभट्ट्यांचा खर्च ३००० कोटी डॉलरांवर गेला. मी खर्चावरचीच धरीन. (वाढीव खर्चाचा वाटाही सरकारच उचलतं, हे करदाता म्हणून खटकतं, ते वेगळं.) शिवाय नफा नसेल तर ही करसवलत (क्रेडिट) दुसऱ्या कंपनीला विकता येते.

आपल्याकडे सवलत नफ्यावर. आयकराच्या कलम ८०-आयएखाली १५ पैकी सलग १० वर्षांचा नफा करमुक्त होता, पण वीज ३१ मार्च २०१७पर्यंत सुरू व्हायला हवी होती. नव्या उत्पादक कंपन्यांना मिळणाऱ्या १५ टक्के करदराची मुदत ३१ मार्च २०२४ला संपली. अणुप्रकल्पाला अशी मुदत गाठणं कठीणच. अमेरिकेच्या २००५च्या कायद्यातही २०२१च्या आत वीज हवी होती. व्होग्टल रखडला आणि २०१८मध्ये ती अट काढावी लागली. आता तिथे काम सुरू झाल्याची तारीख बघतात, २०३३अखेरपर्यंत पूर्ण सवलत. आपल्या त्या दोन्ही सवलतींत वीज सुरू झाल्याची तारीख बघायचे.

आपल्याकडे हाताशी उरतं काय? २० टक्के अतिरिक्त घसारा (नव्या यंत्रांच्या किमतीची जादा वजावट), पण कंपन्यांसाठीचा २२ टक्क्यांचा सवलतीचा करदर घेतला तर तो सोडावा लागतो. आणि सीमाशुल्क माफी, २०२६च्या अर्थसंकल्पाने २०३५पर्यंत वाढवलेली, आता कुठल्याही क्षमतेच्या प्रकल्पाला. ही माझ्या मते सगळ्यांत कामाची: माल न्हावाशेवाला उतरतो तिथेच पैसे वाचतात, नफ्याची वाट बघावी लागत नाही.

शीटमधली पहिली दहा वर्षं पुसायला लावली आणि सगळ्यांत वर एक रांग घातली: वीज सुरू होण्याचं वर्ष. पोराने २०३४ लिहिलं. मी ते २०३८ केलं, तशी आयातीची शेवटची दोन-तीन वर्षं शुल्काखाली आली.