चार डबे आणि पाच शिक्के : ‘द ब्रेकफास्ट क्लब’

अमेरिकी हायस्कूलवरचे चार-दोन विनोदी चित्रपट ज्याने पाहिले आहेत, त्याला पाचव्या चित्रपटातली माणसे आधीच ओळखीची असतात. खेळाच्या संघातला देखणा गडी, श्रीमंत घरची लाडावलेली मुलगी, चष्म्याआडून पुस्तकात डोके खुपसलेला हुशार मुलगा, सिगारेट ओढणारा उनाड पोरगा आणि कोपऱ्यात बसणारी विक्षिप्त मुलगी अशी ही मंडळी असतात. जॉन ह्यूज यांनी लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या, १९८५ साली प्रदर्शित झालेल्या ‘द ब्रेकफास्ट क्लब’मध्येही हे पाचही साचे आहेत. तरीही तो आजही आवर्जून पाहावा असे मला वाटते, कारण तो हे साचे लपवत नाही. मोठी माणसे आपल्याकडे याच पाच नावांनी पाहतात, हे मुले आरंभीच सांगून टाकतात आणि पुढचा सगळा वेळ ती नावे तपासून पाहण्यात जातो.

कथा एका दिवसात उरकते. २४ मार्च १९८४, शनिवार. शिकागोजवळच्या शर्मर या काल्पनिक उपनगरातल्या शाळेत पाच मुलांना शिक्षा म्हणून दिवसभर ग्रंथालयात बसवले आहे आणि ‘आपण कोण आहोत’ यावर हजार शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आहे. नृत्याचा समारंभ नाही, अंतिम सामना नाही, कोणाच्या घरी पार्टीही नाही. या प्रकारच्या चित्रपटांचा हमखास आधार असलेली ही सगळी ठिकाणे सोडून ह्यूज यांनी जवळजवळ एका खोलीत दीड तासाहून अधिक काळ प्रेक्षकाला धरून ठेवले आहे.

साचा कसा वापरावा आणि त्याच वेळी कसा उसवावा, याचा उत्तम नमुना म्हणजे जेवणाच्या सुट्टीचा प्रसंग. श्रीमंत घरची क्लेअर टेबलावर नीट मांडून सुशी खाते. कुस्तीपटू अँड्र्यू भल्यामोठ्या पिशवीतून एकामागून एक पदार्थ काढतच राहतो. हुशार ब्रायनच्या डब्यात सूप आणि कडा कापलेले सँडविच आहे. विक्षिप्त अ‍ॅलिसन आपल्या सँडविचमधला मांसाचा तुकडा वर भिरकावून देते आणि पावात साखर व न्याहारीचे कुरकुरीत सीरियल भरून ते कडाकडा चावते. इथपर्यंत हे निव्वळ हसण्यासारखे आहे आणि प्रत्येकाचा डबा त्याच्यावरच्या शिक्क्याला शोभेल असाच आहे. मात्र उनाड बेंडरकडे डबाच नाही. तो ब्रायनच्या सुखी घराची नक्कल करतो आणि मग आपल्या घराची. बापाने सिगारने दिलेला चटका तो हातावर दाखवतो, तेव्हा मघाशी हसलेल्या प्रेक्षकाच्या घशात आवंढा येतो.

याहूनही मला मोलाचा वाटतो तो ब्रायनच्या दिव्याचा प्रसंग. सरासरी गुण टिकवण्यासाठी सोपा म्हणून त्याने कार्यशाळेचा, म्हणजे हाताने वस्तू बनवायला शिकवणारा, विषय घेतला. हत्तीच्या रूपातला दिवा करायचा होता, सोंड ओढली की तो लागायला हवा होता. तो लागला नाही आणि ब्रायन नापास झाला. तो विषय सोपा का वाटला, असे बेंडर विचारतो, तेव्हा तिथे ढ मुले असतात, असे ब्रायन सहज बोलून जातो. बेंडर स्वतः त्याच वर्गात आहे. ज्याला सगळे ‘हुशार’ या एका शब्दात बांधतात, तोही दुसऱ्याला तितक्याच सहजतेने एका शब्दात बांधतो. शिक्के केवळ वरून मारले जात नाहीत, मुले ते एकमेकांवर मारतात, ही गोष्ट या प्रकारच्या फार थोड्या चित्रपटांनी इतक्या साधेपणाने सांगितली आहे.

अभिनयाची बाजू भक्कम आहे. मॉली रिंगवाल्ड (क्लेअर) आणि अँथनी मायकेल हॉल (ब्रायन) चित्रीकरणाच्या वेळी खरोखरच सोळाच्या आसपास होते, तर बाकी तिघांनी विशी ओलांडली होती. विशेषतः बेंडर झालेल्या जड नेल्सन यांच्या चेहऱ्यावर ते दिसते. शाळकरी भूमिकांना थोराड नट घेण्याची ही जुनी रीत आहे, पण हॉल यांच्या रडण्यातला कोवळेपणा त्यामुळे अधिकच उठून दिसतो.

अखेरीकडे मात्र चित्रपट स्वतःच साच्याला शरण जातो, आणि हे मला दर वेळी खटकते. क्लेअर अ‍ॅलिसनच्या डोळ्यांभोवतीचा काळा रंग पुसते, केस मागे बांधते आणि त्यानंतरच अँड्र्यूला ती सुंदर दिसते. आपल्या डोक्यातला कोंडा चित्रावर झाडून बर्फ पाडणारी ही मुलगी आहे तशीच कोणाला तरी आवडायला हवी होती. बेंडर क्लेअरला सतत अपमानित करतो, टेबलाखाली लपलेला असताना तिच्याशी गैरवर्तन करतो आणि तरी शेवटी तिचे प्रेम त्यालाच मिळते. त्या प्रसंगाबद्दलची अस्वस्थता खुद्द रिंगवाल्ड यांनी २०१८ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ या नियतकालिकातल्या लेखात मांडली. दोन जोड्या जुळतात आणि ब्रायन सगळ्यांच्या वाटचा निबंध लिहीत एकटा बसतो. हुशार मुलाच्या पदरी एवढेच यायचे, हाही साचाच.

पण सोमवारी आपण एकमेकांना ओळख दाखवू का, हा ब्रायनचा प्रश्न ह्यूज यांनी टाळलेला नाही. क्लेअर प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, तिच्यावर सगळे चिडतात, ब्रायन रडवेला होतो. चित्रपट शनिवारीच संपतो, बेंडर मोकळ्या मैदानातून मूठ उंचावत निघून जातो आणि सोमवार पडद्यावर येत नाही.