इमोटिव्ह एपॉक एक्स: शब्द निवडायला घ्या, व्हीलचेअर चालवायला नको

बोलणं आणि हातपाय दोन्ही गेलेल्या माणसासाठी घरी वापरायला हा ईईजी (मेंदूतली वीज डोक्यावरून टिपणारा) हेडसेट घेणार असाल, तर आधी त्याचे सेन्सर कुठे बसतात ते पाहा. १४ आहेत, पण डोक्याच्या वर मधोमध एकही नाही. हात हलवण्याची नुसती कल्पना केली तरी जो सिग्नल बदलतो, तो तिथल्याच सी३, सीझेड आणि सी४ या जागांवर नीट मिळतो. कल्पनेने व्हीलचेअर वळवायला तोच लागतो, आणि त्याच जागा इथे रिकाम्या आहेत.

डोक्याच्या मागचे पी७, पी८, ओ१, ओ२ हे सेन्सर मात्र पी३०० या पद्धतीसाठी कामाचे. पडद्यावर अक्षरांच्या चौकटी असतात. हवी ती चौकट चमकली की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक लाट उठते, तिच्यावरून निवड ओळखायची. ही ६ × ६ चौकटींची पद्धत फारवेल आणि डोन्चिन यांनी १९८८ मध्ये मांडली. ओळी आणि स्तंभ धरून एका फेरीत १२ वेळा चमक. दर १७५ मिलिसेकंदांनी एक धरली, तर १० फेऱ्यांना, म्हणजे एका निवडीला, २१ सेकंद. या वेगाने काना-मात्रा जुळवत बसणं रुग्णाला दमवतं. चौकटीत सरळ 'पाणी', 'कूस बदला', 'कफ काढा', 'दुखतंय' असे शब्द घाला.

कोकणात खरी अडचण डोक्यावरच्या तेलाची. खोबरेलाचा थर वीज अडवतो, म्हणून आदल्या संध्याकाळी शाम्पूने केस धुवा आणि तेल लावू नका. सेन्सरवरचे फेल्टचे पॅड कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणात ओले करायचे. ठिबकतील इतके नकोत, नाहीतर शेजारचे दोन सेन्सर एक होतात. घाम आला की सिग्नल हळूहळू सरकतो, तेव्हा पंखा हवाच. वापर झाला की पॅड काढून वाळवा. मिठाचं पाणी आणि पावसाळी दमट हवा यांनी संपर्काच्या धातूवर हिरवा गंज चढतो. सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवलेला बरा.

लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा. हवेच्या गादीचा पंप पलंगापासून लांब सरकवा, घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण तिथूनही सिग्नलमध्ये शिरते. हेडसेट रोज थोडा वेगळा बसतो, त्यामुळे ठरलेले शब्द निवडायला लावून सराव रोज नव्याने घ्यावा लागतो. मूळ सिग्नल बाहेर काढायला इमोटिव्हप्रो या सॉफ्टवेअरची वर्गणी वेगळी पडते, ती किमतीत धरा.

माडावरून पडून मणक्याला मार बसलेल्या, पण मान आणि वाचा शाबूत असलेल्या माणसाला हा घेऊ नका. मानेने चालणारा कॅमेरा-माउस कितीतरी जलद. आणि नजरच स्थिर राहत नसेल, तर चौकटींच्या या पद्धतीतही चुका वाढतात.