अॅडव्हेंचर मोटारसायकल घेताना चाकांकडे आधी पाहा: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मध्यम क्षमतेच्या अॅडव्हेंचर, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही वाटांसाठी बनवलेल्या, मोटारसायकलींची तुलना करताना लोक अश्वशक्ती, सीटची उंची आणि स्क्रीनचा आकार यांवर तासन्‌तास बोलतात. चाकांत ट्यूब आहे की नाही, हा प्रश्न मात्र एका ओळीत उरकतात. बऱ्याच महिन्यांच्या वापरात या एका ओळीने मला जेवढा मनस्ताप दिला, तेवढा बाकीच्या साऱ्या गाडीने मिळूनही दिलेला नाही. माझ्या गाडीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रश्न संपूर्ण वर्गाचा आहे. यामाहा टेनेरे ७००, होंडा एक्सएल७५० ट्रान्साल्प आणि सुझुकी व्ही-स्ट्रॉम ८००डीई या तिन्ही गाड्या स्पोकच्या, ट्यूब असलेल्या चाकांवर विकल्या गेल्या आहेत. एप्रिलिया टुआरेग ६६० आणि ट्रायम्फ टायगर ९०० रॅली प्रो यांची चाकेही स्पोकचीच, पण ट्यूबलेस आहेत.

इंजिनाबद्दल तक्रार नाही. २७० अंशांच्या क्रँकचे (म्हणजे असमान अंतराने ठोके देणारे) दोन सिलिंडर कमी वेगात खडीवर आज्ञाधारकपणे खेचतात आणि महामार्गावर दिवसभर न कुरकुरता चालतात. सीट कडक आहे, पण तिची सवय होते.

पंक्चरची सवय होत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला, तर तो बहुधा तिथेच अडकून राहतो, हवा हळूहळू जाते आणि चाक न काढता बाहेरूनच भोकात रबरी प्लग ठोकून पुढे निघता येते. ट्यूब फाटली की मात्र हवा क्षणात जाऊ शकते. त्यानंतर सामान उतरवायचे, चाक काढायचे, रिमला चिकटलेली टायरची कड सोडवायची, ठिगळ लावायचे आणि टायर परत चढवताना टायर उचकटायच्या लोखंडी लिव्हरखाली तीच ट्यूब पुन्हा चिमटणार नाही याची काळजी घ्यायची, एवढे सगळे रस्त्याच्या कडेला करावे लागते. सेंटर स्टँड नसेल, तर दोनशे किलोंहून जड गाडी कशाला टेकवायची, हा प्रश्न वेगळाच. माझ्या बाबतीत तर काम पहिल्याच पायरीवर अडले. आदल्या सर्व्हिसिंगमध्ये कारागिराने मागच्या अॅक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा, नट यंत्राने इतका आवळला होता, की गाडीसोबत मिळालेल्या पान्ह्याने तो तसूभरही हलेना. अशा गाड्यांत हा नट साधारण १०० न्यूटन-मीटरच्या (हे पिळाच्या जोराचे माप) आसपास आवळायचा असतो आणि नेमका आकडा पुस्तिकेत छापलेला असतो. मी तो सर्व्हिस सेंटरच्या व्यवस्थापकांना दाखवला, तेव्हा ‘सैल राहण्यापेक्षा घट्ट बरा’ असे उत्तर मिळाले.

त्यानंतर काही आठवडे मी ट्यूबच्या चाकांना सरसकट नावे ठेवत होतो, परंतु एका दगडी घाटवाटेने ते मत निम्मे बदलले. पुढच्या रिमची कड दगडावर आदळून चेपली आणि तरीही हवा टिकून राहिली. ट्यूबलेस चाकात टायर आणि रिम यांची पकड हीच हवेची भिंत असते. तेवढीच कड वाकली असती, तर हवा तिथूनच निसटण्याचा संभव होता. खडकाळ वाटांसाठी ट्यूब ठेवण्यामागे कंपन्यांची निव्वळ काटकसर नाही, एवढे मला मान्य करावे लागले. काटकसर आहेच, कारण स्पोक रिमच्या मधून आरपार जातात, तिथली भोके हवाबंद करणे किंवा स्पोक थेट रिमच्या कडेला अडकवणे, हे दोन्ही उपाय खर्चाचे आहेत.

म्हणून निवड करणाऱ्याने सस्पेन्शनचे आकडे पाहण्याआधी आपली वाट पाहावी. टुआरेगचे सस्पेन्शन पुढे आणि मागे २४० मिलिमीटरपर्यंत दबते, व्ही-स्ट्रॉमचे २२०; हा फरक फार थोड्यांना जाणवेल. व्ही-स्ट्रॉमची २० लिटरची टाकी लांबच्या प्रवासात टेनेरेच्या १६ लिटरपेक्षा निश्चित दिलासा देते, पण तिचे सुमारे २३० किलो वजन चाक काढायच्या वेळी आठवते. एकट्याने, बहुतांशी डांबरी रस्त्यावरून दूर जाणाऱ्याने ट्यूबलेसच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. सोबतीने दगडधोंड्यांत जाणाऱ्याला ट्यूब चालेल.

ट्यूबलेस स्पोक चाकांची नवी जोडी घेण्याचा विचार मी किंमत ऐकून सोडला. तेवढ्या पैशांत टायरच्या कित्येक जोड्या येतात. रिम आतून हवाबंद करणारी पट्टी त्यामानाने स्वस्त आहे, पण टायरची कड जागेवर धरणारा उंचवटा रिमला आतून नसेल, तर ती लावण्यात शहाणपण नाही. सध्या मी मागे जाड ट्यूब घातली आहे, लांब दांड्याचा पान्हा सोबत ठेवतो आणि प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर अॅक्सलचा नट स्वतः सोडवून टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्ह्याने) पुन्हा आवळतो. सुटी ट्यूब एकच, पुढच्या २१ इंची चाकाची बाळगतो. अडचणीच्या वेळी ती मागच्या चाकातही घालून जवळच्या दुरुस्तीच्या दुकानापर्यंत हळूहळू जाता येते, आणि दुसऱ्या ट्यूबचा खर्च व जागा दोन्ही वाचतात.