लहान, संथ नदीवर ड्राय फ्लाय की निम्फ?

फ्लाय फिशिंगला, म्हणजे किड्यासारखं दिसणारं नकली आमिष (फ्लाय) टाकून ट्राउट मासा पकडायला गेलात आणि गाइडसोबत अर्धाच दिवस असला की हा प्रश्न हमखास पडतो. ड्राय फ्लाय पाण्यावर तरंगते, निम्फ पाण्याखाली बुडते.

मासे मिळण्यात निम्फ पुढे. ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखालीच होतं. वर किडे नसतील तर ड्राय फ्लाय नुसती वाहत राहते.

खटपटही निम्फचीच जास्त. इंडिकेटर (मासा लागल्याचं दाखवणारी तरंगती खूण) निम्फपासून पाण्याच्या खोलीच्या साधारण दीडपट अंतरावर बांधायचा, डोह बदलला की पुन्हा सरकवायचा. निम्फचं वजन जास्त झालं की हुक दगडांत अडकतो, टिपेट (फ्लाय बांधायचा टोकाचा बारीक दोरा) तुटतं, फ्लाय गेली. नितळ पाण्यात इंडिकेटर टपकन पडला तर मासे बुजतात. तिथे लोकरीचा बारीक तुकडा बरा.

ड्राय फ्लायला ९ ते १२ फुटी लीडर (जाड मुख्य दोरी, म्हणजे लाइन, आणि टिपेट यांच्या मधला निमुळता दोरा) आणि ५एक्स किंवा ६एक्स टिपेट पुरतं (एक्सचा आकडा जितका मोठा, तितका दोरा बारीक). खरी डोकेदुखी ड्रॅगची, म्हणजे लाइनच्या ओढीने फ्लाय खेचली जाण्याची. मधला वेगवान प्रवाह लाइन ओढतो, फ्लायमागे बारीक रेघ उमटते आणि मासा तोंड फिरवतो. म्हणून फ्लाय पडताच लाइन उचलून वरच्या प्रवाहाकडे टाकायची. गाइडकडून आधी हेच शिकून घ्या.

पाणी थंड, वर काहीच हालचाल नाही आणि मासा हवाच आहे? निम्फ. वर्तुळं उठताना दिसतायत किंवा मासा वर येताना बघायचाय, तर ड्राय. ठरतच नसेल तर ड्रायच्या हुकला दीड-दोन फूट टिपेट बांधून खाली हलकी निम्फ लावायला सांगा. उथळ पाण्यात ही जोडी छान चालते.