डोंगरासाठी घेतलेली जुनी स्की-डू समिट एक्स ८५०

ही बर्फावर चालणारी स्नोमोबाइल, बोलीत स्लेड. मॉडेल २०१८, ट्रॅक (गाडी पुढे ढकलणारा रबरी पट्टा) १६५ इंची. कॅलगरीतल्या एका खासगी मालकाकडून साडेआठ हजार कॅनेडियन डॉलरला घेतली आणि गेला सगळा हिवाळा ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकच्या बोल्डर माउंटन आणि फ्रिस्बी रिजवर चालवली. स्लेड उत्तम आहे. पण जुनी घेताना कंपनीच्या नावापेक्षा समोर उभी असलेली गाडी मोलाची. डोंगरातली स्लेड झाडाझुडपांत, दगडांवर आपटलेली असणारच, आणि बाहेरचं प्लास्टिक सहज बदलता येतं. पाणी कुठे मुरतंय ते खाली वाकल्याशिवाय कळत नाही.

मालकाला फोनवरच सांगितलं होतं, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. टू-स्ट्रोकची खरी तब्येत गार असतानाच कळते. गेल्यावर आधी एक्झॉस्टला हात लावला, गार होता. तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं. रिव्हर्सचं बटण दाबून पाहिलं: या गाडीत इंजिन विझायला येतं आणि उलट्या दिशेनं फिरू लागतं, तेव्हा ते अडखळत नाही ना, ते बघायचं. मग प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. एका सिलिंडरला ११८, दुसऱ्याला ११६ पीएसआय. कॅलगरी हजार मीटरवर असल्यानं आकडे कमीच येतात. बघायचा तो दोघांतला फरक. तो दहा टक्क्यांच्या वर असेल, तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका.

मागची बाजू उचलून टॉर्च घेऊन खाली आडवा झालो. ट्रॅकवरचे तीन इंची लग (रबरी दाते) कुठे फाटलेत, ट्रॅकच्या क्लिपा जागेवर आहेत का, हायफॅक्स (ट्रॅक ज्यांवर घसरतो ते प्लास्टिकचे पट्टे) किती झिजलेत, हे सगळं तिथून दिसतं. टनेलच्या, म्हणजे ट्रॅकवरच्या धातूच्या सांगाड्याच्या, आतला कूलर मात्र नीट बघा. ट्रॅकनं उडवलेला बर्फ त्यावर आदळतो म्हणूनच इंजिन थंड राहतं. तिथे पोचा किंवा कूलंटचा ओघळ दिसला की खर्च मोठा. बल्कहेडला (पुढच्या सांगाड्याला) आणि पुढच्या स्की धरणाऱ्या ए-आर्मच्या जोडांपाशी भेग किंवा नवीन वेल्डिंग दिसलं, तर अपघात झालाय असं समजा. इथे सगळं स्वच्छ होतं. इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणाऱ्या बेल्टची कड मात्र तुसे निघालेली होती आणि पुढच्या क्लचचे रोलर झिजले होते. ते मी लगेच बदलून घेतले.

सीरियल नंबर टनेलवर कोरलेला असतो. तो कागदांशी जुळवा आणि त्याच नंबरावर कर्ज शिल्लक आहे का, याचा शोध अल्बर्टातल्या रजिस्ट्री एजंटकडे घ्या. पैसे देण्याच्या आधी.

चालवायला ही स्लेड अप्रतिम आहे. मागचं टी-मोशन सस्पेन्शन बाजूला लवचीक असल्यामुळे खोल भुसभुशीत बर्फात ती एका कडेवर अलगद झुकते आणि झाडांतून वळणं घेताना दंड भरून येत नाहीत. दर ३०० मीटर उंचीला साधारण तीन टक्के ताकद घटते, तरी दोन हजार मीटरवर ८५० सीसीच्या इंजिनाचा दम जाणवतो. पार्किंगपासून वरपर्यंतच्या कडक ट्रेलवर मात्र ती डुलते, आणि बर्फ कमी उडत असल्यानं तापमान चढतं. आइस स्क्रॅचर, म्हणजे कडक बर्फ खरवडून कूलरवर उडवणारे काटे, खाली सोडायला विसरू नका.

यामाहाची जुनी फोर-स्ट्रोक नायट्रो स्वस्तात मिळते आणि इंजिन दणकट आहे, पण खोल बर्फात तिचं वजन पेलवत नाही, शिवाय २०२५ हे यामाहाच्या स्नोमोबाइलचं शेवटचं मॉडेल वर्ष. पोलारिसची अ‍ॅक्सिस आरएमके हलकी आहे. चांगल्या अवस्थेत मिळाली तर मी तीही घेईन.

बजेट ठरवताना बीकन (हिमस्खलनात गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावड्याचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात स्लेड बघा. अ‍ॅव्हलांच कॅनडा या संस्थेचा हिमस्खलनाचा अंदाज रोज वाचा. आणि एक नवा बेल्ट कायम गाडीत असू द्या. तो डोंगरात तुटला तर तिथे दुसरा मिळत नाही.