हंगेरी १९५६: 'फ्रीडम्स फ्युरी' पाहावा की 'टॉर्न फ्रॉम द फ्लॅग'?

सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध हंगेरीत झालेला १९५६ चा उठाव कसा पेटला, सोव्हिएत रणगाडे परत कधी आले आणि उठावाच्या काळातले पंतप्रधान इम्रे नाज यांचं पुढे काय झालं, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. वेळ एकाच माहितीपटापुरता असेल, तर या दोघांतून निवडावं.

'फ्रीडम्स फ्युरी' (२००६) उठावाकडे वॉटर पोलोच्या, म्हणजे पाण्यात चेंडूने खेळायच्या खेळाच्या बाजूने येतो. ६ डिसेंबरला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हंगेरी ४-० ने पुढे असताना सोव्हिएत खेळाडू प्रोकोपोव्हने एर्विन झादोरच्या तोंडावर ठोसा मारला. डोळ्याखालून रक्त वाहू लागलं, प्रेक्षक खवळले आणि सामना थांबवावा लागला. निवेदन विख्यात अमेरिकन जलतरणपटू मार्क स्पिट्झचं आहे, आणि ते निव्वळ नावासाठी नाही: पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला झादोर हा पोरवयातल्या स्पिट्झचा प्रशिक्षक. सोव्हिएत खेळाडूंनाही इथे बोलू दिलं आहे. ही बाजू एरवी क्वचितच ऐकायला मिळते.

मला खटकतं ते एकच. गोष्ट सामन्याची असल्यामुळे सगळा ओघ त्या ४-० कडे धावतो, आणि ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाड्यांनी उठाव चिरडला तो पराभव हा वाटेतला एक टप्पा होऊन बसतो. सुमारे अडीच हजार हंगेरियन मेले, दोन लाखांच्या आसपास लोक ऑस्ट्रियामार्गे किंवा युगोस्लाव्हियामार्गे देशाबाहेर पडले. त्याची फेड तलावात झाल्यासारखं वाटायला लागतं. प्रत्यक्षात सुवर्णपदक मिळूनही झादोर मायदेशी परतला नाही. दिग्दर्शकांना हे कळत नसेल असं नाही, पण खेळाच्या गोष्टीचा साचाच तसा असतो.

'टॉर्न फ्रॉम द फ्लॅग' (२००७) त्या मानाने पसरट आहे. बोलणारी माणसं फार, शिवाय मॉस्को-वॉशिंग्टनचं राजकारणही आहे. सुएझचा पेच (त्याच सुमारास सुएझ कालव्यावरून इजिप्तमध्ये पेटलेला संघर्ष) आणि नाज सरकारची १ नोव्हेंबरची हंगेरी तटस्थ असल्याची घोषणा आधी वाचून ठेवली नाही तर मध्ये गोंधळ उडेल. पण त्याच्या छायाचित्रणाशी पुढे हॉलिवूडमध्ये नावाजलेले छायाचित्रकार विल्मोश झिगमाँड आणि लास्लो कोवाच ही नावं जोडलेली आहेत. ५६ साली याच दोघांनी फिल्मशाळेचा ३५ मिमी कॅमेरा पिशवीत लपवून बुडापेस्टचे रस्ते टिपले आणि रिळं सीमेपार नेली. अशा चित्रणातले तुकडे आखूड असतात. ६० मीटरचं रीळ दोन मिनिटं दहा-अकरा सेकंदांतच संपतं, आणि गोळ्या चालू असताना रीळ बदलायला आडोसा शोधावा लागतो. चौकट वाकडी, कॅमेरा खाली. त्याच्यासोबत आवाज नोंदला जात नाही, म्हणून स्फोटाचे आवाज ऐकू आले तर ते बहुधा नंतर चढवलेले समजावेत.

घरात खेळवेडं पोर असेल तर 'फ्रीडम्स फ्युरी' लावा, ते उठून जाणार नाही. एकट्याने बघणार असाल तर दुसरा घ्यावा असं मला वाटतं. सुरुवातीची वीसेक मिनिटं तेवढी नेटाने काढा.