रतनवाडीतला घरगुती मुक्काम: दोन रात्री राहणार असाल तरच जा

भंडारदऱ्याला येणारी बहुतेक मंडळी शेंडीत, धरणाच्या भिंतीजवळ उतरतात. हॉटेलं तिथे आहेत, चहाच्या टपऱ्या आहेत, रात्री उशिरा पोचलं तरी सोय होते. रतनवाडी जलाशयाच्या दुसऱ्या टोकाला आहे, रतनगडाच्या अगदी पायथ्याशी. या गावातल्या अनेक घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत. हे परीक्षण कुठल्या एका घराचं नाही, या घरगुती मुक्कामाचं आहे. खोलीत घरागणिक फरक पडतो. जेवण, वाटाड्या आणि गैरसोयी मात्र सगळीकडे जवळपास सारख्याच.

मत आधीच सांगायचं तर, डोंगर चालायला येणाऱ्यासाठी या भागात रतनवाडीपेक्षा चांगला तळ नाही. पाण्याकडे बघत निवांत पडून राहायचं असेल तर शेंडीच बरी. आणि रतनवाडीला एका रात्रीसाठी येऊ नये. मुंबई किंवा पुण्याहून सकाळी निघालं तरी गावात पोचेपर्यंत दुपार होते. रतनगड म्हणजे सबंध दिवस, सांदण दरी म्हणजे किमान अर्धा. एका रात्रीत यातलं एकच घाईघाईने पदरात पडतं, आणि उतरल्यावर दमलेल्या पायांनी लगेच गाडी हाकावी लागते. घाटरस्त्यावर अंधारात असं निघणं धोक्याचं आहे.

खोल्या दोन तऱ्हेच्या मिळतात. पहिली म्हणजे घरातलीच मोठी खोली: सारवलेली किंवा फरशीची जमीन, वर कौलं, खाली ओळीने गाद्या. आठ-दहा जणांचा गट असेल तर हीच घ्यावी. दुसरी म्हणजे घरामागे किंवा शेताच्या कडेला नव्याने बांधलेली, पत्र्याची, आत संडास-बाथरूम असलेली. कुटुंबाला ती सोयीची वाटते, पण पत्र्याचा स्वभाव माहीत असू द्यावा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आत बसवत नाही, आणि जुलैच्या पावसात रात्रभर डोक्यावर ताशे वाजतात. छताखाली आतून लाकडी फळ्या किंवा थर्मोकोलचं अस्तर आहे का, हे फोनवर विचारलं की अर्धा प्रश्न सुटतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न संडासाचा. खोल्या किती, असं विचारू नका; त्या रात्री एकूण माणसं किती आणि संडास किती, हे विचारा. शनिवारी एकाच घरात तीन गट उतरतात, पहाटे पाच वाजता सगळ्यांना एकदमच जायचं असतं आणि सहाला निघायचा बेत सातवर जातो. सात-आठ माणसांमागे एक संडास असेल तर निभतं, पंधरामागे एक असेल तर घर बदला.

आंघोळीचं गरम पाणी चुलीवर किंवा बंबात तापतं. बंबाला एका खेपेला पाऊण तास तरी लागतो, म्हणून आंघोळ सकाळी न करता गडावरून उतरल्यावर करावी आणि घरच्यांना तशी वेळ आदल्या दिवशी सांगून ठेवावी. उन्हाळ्यात पाण्याचा ताण असतो. समोर एवढा जलाशय पसरलेला असला तरी घरातल्या पिंपातलं पाणी मोटारीने किंवा डोक्यावरून आलेलं असतं. दोन बादल्यांत भागवावं. वीज जाते, वादळी पावसात तर कित्येक तास येत नाही. पॉवर बँक आणि माणशी एक विजेरी ही इथली गरज आहे. डिसेंबर-जानेवारीत गारठा चांगलाच असतो. घरच्या गोधड्या जाड आणि उबदार असतात, पण गट मोठा असला की पुरत नाहीत. माणशी एक चादर सोबत असावी. सकाळी बूट झटकूनच पाय घालावा, विंचू कोपऱ्यात आणि बुटात बसतो.

जलाशयाच्या काठावरच्या तंबूंची जाहिरात जास्त दिसते, म्हणून तुलना करणं भाग आहे. थंडीत पहाटे दवाने तंबू आतून ओला होतो. मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की मोकळ्या काठावरचे तंबू खुंट्यांसकट उपटतात. काठाची जमीन उतरती असल्याने झोपेत माणूस सरकत राहतो. आणि आवाज! हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. स्पीकर लावून नाचायला येणाऱ्यांनी इथे येऊ नये आणि त्यांना बोलावणाऱ्यांनी बोलावू नये. घरात राहिलं की हे सगळं टळतं, शिवाय पैसा थेट गावात राहतो.

या मुक्कामातली सगळ्यात सरस गोष्ट म्हणजे जेवण. नागलीची (म्हणजे नाचणीची) भाकरी, तांदळाची भाकरी, पिठलं, खुरासणीची (कारळ्याची) चटणी, ठेचा, वरण आणि भात. भात इथल्याच शेतातला, कधी आंबेमोहोर तर कधी काळभात. तो शिजताना ओटीपर्यंत वास येतो. नागलीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात मळतात. मग गोळा परातीत तळहाताने थापत फिरवतात, कडेला पडलेली चीर ओल्या बोटाने बुजवतात आणि तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात. उलटून निखाऱ्यापाशी उभी केली की भाकरी टम्म फुगते. ती त्याच क्षणी खायची. थंड झाली की कडक होते, आणि बऱ्याच जणांची चूक इथेच होते. गडावर न्यायच्या डब्यात नागलीची भाकरी बांधून घेतात आणि दुपारी एकला ती चावत नाही. डब्यासाठी तांदळाची भाकरी किंवा पोळी सांगावी, सोबत सुकी भाजी आणि कांदा.

जेवणाची माणसं आणि वेळ निदान सहा-सात तास आधी कळवावी. गावठी कोंबडी हवी असेल तर सकाळीच सांगायचं, ती शिजायलाही वेळ घेते. रात्री अकराला पोचून जेवण मागणारे गट या घरांना फार त्रास देतात. चूल पेटती ठेवून घरची बाई जागी बसते आणि तीच पहाटे चारला नाश्त्यासाठी उठते. उशीर होणार असेल तर शेंडीतच जेवून या आणि तसं फोन करून सांगा.

दर बहुधा माणशी आणि जेवणासकट असतो. त्यात काय काय धरलं आहे ते नीट विचारून घ्या: संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, दुपारचा डबा. शेकोटी, वाटाड्या आणि मांसाहार सहसा वेगळे. पैसे रोख आणा. फोनची रेंज गावात येते-जाते आणि निघायच्या वेळी व्यवहार अडकतो. एटीएम, पेट्रोल यांची व्यवस्था वाटेतच करावी. मुंबईहून इगतपुरी-घोटी-बारी-शेंडी, पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर-शेंडी असा रस्ता आहे. शेंडीहून रतनवाडीकडे येताना मुतखेल, कोलटेंभ्याची बाजू धरावी. वनविभागाच्या नाक्यावर माणसांची आणि गाडीची पावती फाडावी लागते. ती मुक्काम संपेपर्यंत जपून ठेवा.

आता रतनगड. अमृतेश्वराच्या देवळापासून प्रवरेच्या ओढ्याच्या काठाने वाट निघते. ओढा काही वेळा ओलांडावा लागतो, मग दाट झाडी आणि खडा चढ. बेताच्या चालीने शिड्यांपर्यंत अडीच-तीन तास. वाटाडे हवेत का, असं सगळेच विचारतात. हवेत, कारण जंगलात एका ठिकाणी वाट फुटते. एक रतनगडाच्या शिड्यांकडे जाते, दुसरी कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे. दुसरीही चांगली मळलेली आहे, त्यामुळे चूक लगेच ध्यानात येत नाही, आणि येते तेव्हा तासभर गेलेला असतो. मुक्कामाच्या घरातला किंवा शेजारचा मुलगाच वाटाड्या म्हणून येतो. त्याचा दर गटामागे ठरवा. एका वाटाड्यामागे दहा-बाराच्या वर माणसं नकोत, कारण शिडीवर माणसं एकेक करून सोडावी लागतात.

लोखंडी शिड्या लागोपाठ आहेत. चढताना तोंड शिडीकडे, उतरतानाही तोंड शिडीकडेच. घोळ उतरताना होतो: लोक पाठ टेकून उतरू पाहतात आणि पाठीवरची सॅक पायरीला अडकते. सॅकचे पट्टे घट्ट बांधा, हातात पाण्याची बाटली किंवा मोबाइल नको. शिड्या संपल्या की गणेश दरवाजा आणि पुढे गुहा. गुहेजवळ माकडं आहेत. खाऊची पिशवी उघडली की ती गेली म्हणून समजा. तिथून राणीचा हुडा (बुरूज), कोकण दरवाजा, पाण्याची टाकी करत नेढ्यापर्यंत पाऊण-एक तास. नेढं म्हणजे कड्याला आरपार पडलेलं भोक. वारा त्यात इतका दाटून घुसतो की टोपी उडते, लहान मुलांना धरूनच बसवावं. हवा स्वच्छ असेल तर अलंग-मदन-कुलंग हे किल्ले, कळसूबाई, आजोबाचा डोंगर आणि खाली जलाशयाचे फाटे एका बैठकीत दिसतात.

आल्या वाटेने उतरण्यापेक्षा त्र्यंबक दरवाजाने साम्रद गावात उतरणं जास्त सुंदर आहे. कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, मात्र उंच आणि झिजलेल्या. गुडघे दुखणाऱ्यांनी ही वाट धरू नये, पावसाळ्यात तर कोणीच नको. हा बेत असेल तर साम्रदला गाडी आणायला घरच्यांना आधी सांगावं लागतं, कारण खाली उतरल्यावर फोन लागेलच असं नाही. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हा गडाचा सर्वांत देखणा काळ. सोनकीने माथा पिवळा झालेला असतो. फुलांत बसून फोटो काढणाऱ्यांमुळे ती तुडवली जातात, पायवाट सोडू नका.

सांदण दरी साम्रदजवळ आहे. गावातून पंधरा-वीस मिनिटं चाललं की जमीन अचानक चिरते. दोन्ही बाजूंना उंच कातळभिंती, मधली फट काही ठिकाणी हाताच्या लांबीएवढी. सुरुवातीलाच पाण्याचे डोह लागतात. पावसाळ्यानंतर पाणी कमरेच्या वरही असतं, उन्हाळ्याकडे गुडघ्यापर्यंत उतरतं. म्हणून फोन-पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून डोक्यावर धरायचं आणि बूट घालूनच पाण्यात उतरायचं. अनवाणी उतरलं की तळाचे दगड पाय कापतात. पुढे घसरगुंडीसारखे गुळगुळीत धोंडे आहेत, आणि ओले बूट घेऊन त्यांवर चढल्यामुळेच बहुतेक पाय मुरगळतात. डोह पार केल्यावर बूट काढून पाणी ओता, मोजे पिळा, मगच पुढे जा. दोराने उतरण्याचा पहिला टप्पा येतो तिथून साध्या माणसाने मागे फिरावं. पुढची वाट थेट कोकणात उतरते, तिला दोर, हार्नेस, हेल्मेट आणि जाणकार पथक लागतं. सगळं धरून जाऊन-येऊन तीन-चार तास. पावसाळ्यात दरीत पाऊल ठेवू नये. वर कुठेतरी सर कोसळली तरी या फटीत क्षणात पाणी भरतं, आणि बाहेर पडायला बाजूला वाट नाही.

काजवे मेच्या अखेरीस सुरू होतात आणि जोराचा पाऊस लागला की संपतात. हवा दमट, वारा पडलेला आणि चांदणं नसलेली रात्र हवी, म्हणून अमावास्येच्या मागचे-पुढचे चार दिवस धरा, शनिवार-रविवार टाळा. सादडा, बेहडा, हिरडा, जांभूळ, उंबर अशी मोठी झाडं ते निवडतात. एका फांदीवर लुकलुक सुरू होते, ती शेजारच्या फांदीवर सरकते आणि बघता बघता आख्खं झाड एका तालात उजळतं-विझतं. ही चमक म्हणजे नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण. गाडीचे दिवे आणि फोनचा फ्लॅश ती पुसून टाकतात. झाडाखाली जाऊन उभं राहणंही चूक, माद्या खाली गवतात असतात आणि पायाखाली चिरडतात. रस्त्यावरूनच पाहावं. रतनवाडीत मुक्काम असेल तर गाडी काढावीच लागत नाही, हा फार मोठा फायदा. घरच्यांना अंगणातले दिवे तासभर बंद करायला सांगा, आनंदाने करतात. या दिवसांत वनविभाग प्रवेशाची वेळ ठरवून देतो, ती दरवर्षी विचारूनच निघावं.

बाकीच्या जागांबद्दल थोडक्यात. अमृतेश्वराचं देऊळ दाराशीच आहे, सकाळी लवकर जा. काळ्या दगडावरची नक्षी तिरप्या उन्हात उठून दिसते, आणि शेजारची कोनाड्यांची पुष्करणी लोक विसरतात. जलाशयातली बोट पावसाळ्यानंतर छान. मे महिन्यात पाणी इतकं आटतं की उतरल्यावर भेगाळलेल्या गाळातून बरंच चालावं लागतं. १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण आणि त्याखालचा अम्ब्रेला फॉल, तसाच रंधा धबधबा, पावसात किंवा पाणी सोडलेलं असेल तेव्हाच पाहावा. एरवी नुसते दगड दिसतात. कळसूबाई (१६४६ मीटर) या मुक्कामाला जोडू नका. तिचा पायथा बारी, म्हणजे जलाशयाला वळसा घालून जायचं. त्यासाठी बारीत किंवा शेंडीत वेगळी रात्र काढा.

परतताना साम्रद, घाटघर, उडदावण्याच्या बाजूने जलाशयाची प्रदक्षिणा पूर्ण करता येते. घाटघरचा कोकणकडा दुपारी चारनंतर गाठा. ऊन उतरलेलं असतं आणि खालचं कोकण स्पष्ट दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे धुकं असलं तर गाडी कठड्यापासून लांबच थांबवा, चार पावलांवरचंही दिसत नाही.